मालनवन्संचा भंडारा

"आत कुणाला सोडायचं नाही म्हणजे नाही," मी दारात आडवी उभी राहून म्हटलं. "डेपो मॅनेजर आले तरी नाही."

समोर बार्शी डेपोतले पाच जण उभे होते. हातात शहाळी, मोसंबीची पिशवी, आणि चेहरे असे की त्यांच्या काशीद कंट्रोलरची छाती जणू मीच फाडली होती.

"अहो वहिनी, नुसतं तोंड बघून जातो," सय्यदभाई ड्रायव्हर म्हणाले. "बत्तीस वर्षं त्यांच्या शिट्टीवर गाडी काढली आम्ही."

"तोंड खिडकीतून बघा. शहाळी इथं ठेवा."

बिचारे गेले खिडकीकडे. आतून मामांचा आवाज आला, "या रे या! बघा, कोंडवाड्यात घातलंय मला. माझी सून डॉक्टरपेक्षा कडक आहे. सोडवून न्या कुणीतरी."

बाहेर हशा पिकला. मला हसू आलं नाही. मामा म्हणजे माझे सासरे, नागनाथ काशीद. एस.टी.त कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले, त्यामुळे वैरागपासून परांड्यापर्यंत सगळी दुनिया ओळखीची. सोलापूरला त्यांची बायपास होऊन त्या दिवशी अकरा दिवस झाले होते. घरी सोडताना डॉ. बिराजदारांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "बाई, ऑपरेशनच्या वेळी यांचं रक्त यंत्रातून फिरवलंय. त्या दगदगीनं शरीर आधी खवळतं, आणि मग दमून बसतं. जंतूंशी भांडायची ताकद काही आठवडे अर्धीमुर्धीच असते. वरून चांगले दिसतील, जोक करतील, पण आतला पहारा ढिला असतो. छातीचं हाड कापून तारेनं बांधलंय, तिथं जंतू शिरला तर पुन्हा उघडावं लागेल. आणि दुसऱ्यांदा उघडलेला प्रत्येकजण उठतोच असं नाही."

हे ऐकल्यावर मी कशाला कुणाला आत सोडते? दारात बादली, साबण, डेटॉल. दिगंबर, म्हणजे माझे मिस्टर, कारखान्यावरून आले की आधी आंघोळ, मग बापाच्या खोलीत. सहा आठवडे कुणी भेटायचं नाही, ओवाळायचं नाही, पाया पडायचं नाही. गल्लीत बोलणं सुरू झालंच. "सुनेनं सासऱ्याला कोंडून घातलंय. पेन्शनीवर सही घेईल एक दिवस." मी ऐकायची आणि खोलीची फरशी पुसायची. मी तशी मुळातच तोंडाळ, पण त्या दिवसांत शब्दाला शब्द दिला नाही.

खोली दहा बाय दहाची. एक खिडकी, तीही जाळीची. मामा कॉटवर आणि मी खाली चटईवर. त्यांचं सगळं माझ्या हातून. औषधं, भाकरी कुस्करून देणं, पाठ पुसणं, खोकला आला की छातीशी उशी धरायला लावणं. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि दिगंबरला साधा चहा करता येत नव्हता. तेव्हा कोंडवाड्यात मामा एकटे नव्हते. पण मला कोण खिडकीतून बघायला येणार?

पुढच्या रविवारी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. पंधरा मिनिटं झाली असतील. खाली आले तर बादलीशेजारी चपला होत्या.

मालनवन्सं आल्या होत्या. दिगंबरची थोरली बहीण, वैरागला दिलेली. ऑपरेशनच्या वेळी त्यांच्या सासूबाई घसरून पडल्या म्हणून त्यांना येता आलं नव्हतं. वडिलांना ही भावंडं दादा म्हणायची. रोज शेजाऱ्यांच्या फोनवरून रडायच्या, "दादा कसे आहेत, दादा काय जेवले?" दिगंबरनं दार उघडलं आणि सोडलं आत. लेक आहे, पाहुणी थोडीच!

मी खोलीत गेले आणि माझा जीवच गेला. मामांच्या सदऱ्याची बटणं उघडी. कपाळापासून बेंबीपर्यंत पिवळं. पट्टीच्या वर, पट्टीच्या खाली, पट्टीच्या कडेनं सगळा भंडारा. वन्संनी खंडोबाला बोललं होतं, दादा वाचले तर तळी उचलीन. सकाळी देवळात तळी उचलून, तो भंडारा मुठीत धरून बसनं आल्या होत्या. बापाच्या छातीवर हात ठेवून रडत होत्या, आणि मामा डोळे मिटून लहान पोरासारखे पडून होते.

"हात काढा!" मी ओरडले. "काय केलंत हे?"

"शैला, अगं देवाचा भंडारा..."

"जखम आहे ती! चिरलेली छाती आहे! बापाला मारायला आलात का?"

"हळदच आहे गं ती," वन्सं घाबरून म्हणाल्या. "हळदीनं कुठं काही होतंय?"

"बसच्या दांड्याला धरून आलात, आणि त्याच मुठीतली हळद! बाहेर व्हा आधी!"

मामा म्हणाले, "शैला, असू दे. पोर आहे ती माझी."

मी ऐकलं नाही. स्पिरिट आणि कापूस घेऊन मी पुसत सुटले. वन्सं दारात उभ्या राहून बघत होत्या. मग पाणीसुद्धा न पिता गेल्या. दिगंबर माझ्यावर चिडला, मी त्याच्यावर चिडले, आणि त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

चौथ्या दिवशी मामांना ताप आला. मी पट्टी बघितली. खालच्या टोकाला ओली होती, आणि वास येत होता.

"शैला," मामा म्हणाले, "हललो की छातीत काहीतरी कटकटतंय गं. जिन्याची फळी निसटल्यासारखं."

तासाभरात जीप करून आम्ही सोलापूरला. डॉक्टरांनी एकदा बघितलं, पट्टी पुन्हा झाकली आणि म्हणाले, "थिएटर तयार करा." छाती पुन्हा उघडणार होते. वाचतील का, असं दिगंबरनं विचारलं. ते म्हणाले, "प्रयत्न करू."

बाहेरच्या बाकावर सगळे जमले. चुलत सासरे, जावा, डेपोतली दोघं. वैरागहून मालनवन्सं आणि त्यांचे मिस्टर पोपटराव. चुलत सासऱ्यांनी विचारलं, "असं झालंच कसं? तू तर माशी आत सोडत नव्हतीस."

आणि मी बोलले. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. "मी नव्हते सोडत. वन्संनी येऊन चोळला ना भंडारा, चिरलेल्या छातीवर! त्याचंच हे."

सगळ्यांनी वन्संकडे बघितलं. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, तशाच हळूहळू खाली बसल्या. पोपटराव म्हणाले, "शाबास. स्वतःच्या बापाचं वाटोळं केलंस." दिगंबर तरी काही बोलेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "ताई, दादा बरे होईपर्यंत तू येऊ नकोस. तुला बघितलं की माझं डोकं फिरेल."

खरं सांगते, मला तेव्हा बरं वाटलं. गल्लीनं मला नावं ठेवली होती ना? आता बघा म्हणावं, कोण बरोबर होतं.

वन्सं उठल्या आणि गेल्या. जाताना त्यांनी थिएटरच्या दाराला हात जोडले.

मामा वाचले. अर्धं हाड खरवडावं लागलं, पोटाकडचं मांस वर ओढून जागा भरावी लागली, पण वाचले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दिगंबर रक्ताच्या बाटलीसाठी गेला होता, म्हणून मी एकटीच.

"जंतूचा रिपोर्ट आलाय," ते म्हणाले. "आता नेमकं औषध देता येईल. पाच-सहा आठवडे सलाइनमधून द्यावं लागेल."

"हळदीतूनच गेला ना, साहेब?"

"कुठली हळद?"

मी भंडाऱ्याचं सगळं सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "लावायला नको होती. पण वरून बंद झालेल्या जखमेवरची हळद हाडाच्या आत जात नाही. आणि हा जंतू तसला नाहीच. हा माणसाच्या नाकात राहतो. आम्ही यांच्या नाकातलाही नमुना घेतला होता. तोच निघाला."

"मामांच्या स्वतःच्या नाकातला?"

"हो. कितीतरी लोकांच्या नाकात असतो. वर्षानुवर्षं गप्प बसून असतो, काही करत नाही. ऑपरेशननंतर शरीर दमलं की त्याला वाट मोकळी मिळते. नाकाला लागलेला हात छातीला लागतो, झालं. यांना तो बहुतेक ऑपरेशनच्या वेळीच लागला असणार. तुमची ती हळद यायच्या बऱ्याच आधी." त्यांनी फाइल उघडली. "म्हणून तर आपण आधी पाच दिवस नाकात मलम लावायला देतो. लावलं होतं ना? इथं सिस्टरनं बरोबरची खूण केलीय."

मी त्या खुणेकडे बघत राहिले.

ते मलम मी आणलं होतं. ऑपरेशनच्या आधीच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, सकाळ-संध्याकाळ, दोन्ही नाकपुड्या. इवलीशी ट्यूब. मी मामांना विचारलं, "सर्दी आहे का तुम्हाला?" ते म्हणाले, "नाही बुवा." मग मी म्हटलं, सर्दीच नाही तर नाकाला मलम कशाला? ऑपरेशन छातीचं, आणि मलम नाकाला! आम्ही दोघं हसलोसुद्धा. सर्दी झाली तर लावू म्हणून मी ते फ्रिजच्या दारात ठेवून दिलं. दाखल करताना सिस्टरनं भराभर विचारलं, नखं काढली? साबणानं आंघोळ? नाकातलं मलम? मी म्हटलं, हो, हो, हो.

"लावलं होतं ना?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"मग नशीब म्हणायचं. लावूनही काहींच्यात राहतो." त्यांनी फाइल मिटली. "तुम्ही मन लावून करताय, बाई. तुमच्यामुळंच वेळेवर आले ते."

बाहेर आले. दिगंबर बाटली घेऊन येत होता. काय म्हणाले, त्यानं विचारलं. तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हटलं, "औषध सापडलंय. बरे होतील."

त्या दिवसापासून कोंडवाडा माझा झाला. सव्वा महिना सोलापूरला, मग घरी. पट्टी बदलायला मी, जखमेत कापसाची वात सारायला मी. येणारा-जाणारा म्हणायचा, "सूनबाई होती म्हणून कंट्रोलर वाचले. नाहीतर लेकीनं संपवलेच होते." ज्या गल्लीनं मला नावं ठेवली, तीच आता आपल्या सुनांना माझं उदाहरण द्यायची. मी मान खाली घालून चहा ठेवायला आत जायची. लोक म्हणायचे, बघा, किती नम्र आहे.

सांगावं असं रोज वाटायचं. आज सांगते, उद्या सांगते. पण जितके दिवस जात होते, तितकं ते अवघड होत होतं. एक दिवस उशिरा सांगितलं असतं तर चूक म्हणाले असते. महिन्यानं सांगितलं तर काय म्हणतील? आणि सहा महिन्यांनी?

वन्संचं वैरागहून कानावर यायचं. त्यांच्या सासूबाई त्यांना 'बापखाऊ' म्हणायला लागल्या होत्या. पोपटराव देवघराला हात लावू देत नव्हते. आमच्याकडे फोन आला होता तेव्हा नवा. कधीकधी वाजायचा, मी "हॅलो" म्हणायची, पलीकडे श्वास ऐकू यायचा आणि फोन बंद व्हायचा. दिवाळी आली. भाऊबिजेला दिगंबर दिवसभर कुठं बाहेर गेलाच नाही, आणि कुणी आलंही नाही.

आणि मामा? मामा वन्संचं नावच काढत नव्हते. मला वाटायचं, त्यांचाही राग गेला नसेल. वाईट वाटायचं, पण खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंही वाटायचं. ते विचारत नाहीत तोवर मला सांगावं लागत नव्हतं.

वर्ष उलटलं. एक दिवस पोस्टमन पत्रिका टाकून गेला. वन्संच्या थोरल्या मुलीचं लग्न. पहिल्या नातीचं लग्न आणि पत्रिका पोस्टानं! आत चिठ्ठी नाही, अक्षता नाहीत, नुसती पत्रिका. मामांनी ती उघडली, वाचली, आणि घडी घालून पिशवीत ठेवली.

"जायचं ना, मामा?" मी विचारलं.

"बघू. प्रवास झेपेल असं वाटत नाही."

ते रोज सकाळी डेपोपर्यंत चालत जायचे. वैराग तासाभराच्या वाटेवर. माझ्या डोळ्यासमोर वन्सं आल्या, भिंतीला टेकून खाली बसणाऱ्या. मी तिथंच त्यांच्या पायाशी बसले.

"मामा, वन्संचा काही दोष नव्हता. ते जंतू तुमच्या नाकातले होते. डॉक्टरांनी मलम दिलं होतं, मी लावलं नाही. सिस्टरला लावलं म्हणून सांगितलं. डॉक्टरांनाही तेच सांगितलं. सगळं माझ्यामुळं झालं, आणि मी वर्षभर..."

मामा म्हणाले, "ठाऊक आहे."

"काय?"

"नाक माझंच होतं की, शैला. त्यात मलम गेलं का नाही, मला कळणार नाही होय? दुसऱ्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मलाही विचारलं होतं, आणि जंतू कुठला तेही सांगितलं होतं. मी म्हटलं, लावलं होतं, माझ्या सुनेनं लावलं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकतेय. "मग वन्संना का नाही सांगितलंत? एक फोन... त्या रोज तिथं शिव्या खातायत, मामा!"

त्यांनी चष्मा काढला.

"तुला दोष दिला असता तर तू राहिली असतीस का अशी? रोज पू पुसायला, पाठ धुवायला? मालन लेक आहे. रागावली, रडली, तरी लेकच राहील. तू तुटली असतीस तर मी कुणाकडं बघायचं? छाती उघडी पडलेली, उठता येत नाही, आणि खोलीत तू एकटी." ते थांबले. "भ्यालो गं मी. बत्तीस वर्षं गाड्या सोडल्या, कुणाच्या बापाला भ्यालो नाही. तुला भ्यालो."

मी उठले. मला त्यांचा राग आला होता, माझाही आला होता, आणि त्यातला कुठला जास्त होता ते कळत नव्हतं. पायात चपला घातल्या आणि स्टँडवर गेले. वैरागची गाडी लागलेलीच होती.

वन्सं अंगणात बायकांबरोबर लग्नाचे पापड लाटत होत्या. मला बघून हातातलं लाटणं थांबलं. त्यांच्या सासूबाई बाजेवर होत्या, पोपटराव मांडववाल्याशी बोलत होते. मी दारातच उभी राहिले आणि सोलापूरच्या दवाखान्यात बोलले होते तेवढ्याच मोठ्यानं सगळं बोलले. मलम, सिस्टर, डॉक्टर, नाक, सगळं. "वन्संच्या भंडाऱ्यानं काही झालं नव्हतं. माझ्या हलगर्जीपणानं झालं. ह्यांना कुणी बोलायचं कारण नाही. बोलायचं ते मला बोला."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. पोपटराव काहीतरी पुटपुटत आत गेले.

वन्सं उठल्या. मला वाटलं मारतील, आणि मारावं असंच वाटत होतं. त्या माझ्याजवळ आल्या, पिठाच्या हातांनी माझा दंड धरला आणि हळू आवाजात एवढंच विचारलं, "दादांना माहीत होतं?"

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. वर्षभराचं बापखाऊ, भाऊबीज, तो मुका फोन, हे सगळं त्यांनी सोसलं होतं एका समजुतीवर, की बापाला खरं माहीत नाही म्हणून तो बोलवत नाही.

"नाही," मी म्हटलं. "आत्ता सांगितलं मी त्यांना. ऐकल्यापासून तुमचंच नाव घेतायत."

वन्संनी दंड सोडला. "थांब," म्हणाल्या, "लुगडं बदलून येते."

परतीच्या गाडीत त्या पुढच्या सीटवर बसल्या आणि मी मागे. संपूर्ण वाटेत त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. त्यानंतर मामा आठ वर्षं जगले. वन्सं दर पंधरवड्याला यायच्या, बापाशी तासन्‌तास बोलायच्या, माझ्याशी कामापुरतं. माझ्याशी त्या आजही तेवढंच बोलतात, आणि माझी काही तक्रार नाही.

त्या दिवशी आम्ही घरी पोचलो तेव्हा मामा ओट्यावर उभे होते. वन्सं त्यांच्या गळ्यात पडल्या, "दादा, दादा," करत. मामांनी वन्संच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. काय विचारतायत ते मला कळलं. मी मान हलवली, नाही म्हणून. मग ते लेकीच्या डोक्यावर हनुवटी टेकवून मोठ्यानं रडले, आणि मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.